घरटी एक माणूस

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमची दाढ ठणकते आहे, गाल सुजला आहे. आई म्हणते, दवाखान्यात जा. आणि तुम्ही काय करता, तर धाकट्या बहिणीला पाठवता! ती बिचारी खुर्चीत बसते, आ करते. डॉक्टर तपासून म्हणतात, "हिला काही झालेलं नाही." ती घरी आली की तुम्ही तिच्यावरच ओरडता, "मग माझी दाढ अजून का दुखते?"

हसलात ना? सिंदेवाहीजवळच्या एका गावात पत्रू नावाच्या चांगल्या मोठ्या माणसाने नेमकं हेच केलं.

पत्रू धानाची शेती करायचा, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा आणि संध्याकाळ झाली की प्यायचा. दिवाळीला त्याने दारू सोडली, होळीलाही सोडली. सोडलेली दारू दर वेळी त्याच्या आधी घरी पोचायची! शेवटी त्याची बायको धुरपता म्हणाली, "दोन महिन्यांत सुटली नाई, तर पोरीयले घेऊन मी माहेरी एटापल्लीले चालली."

त्यांच्या थोरल्या मुलीने, अकरा वर्षांच्या दीपिकाने ते ऐकलं. तिला आपली शाळा सोडायची नव्हती. बाबालाही सोडायचं नव्हतं.

दारू सोडणाऱ्यांची कुठेतरी बैठक भरते, एवढं धुरपताला नर्सबाईंकडून कळलं होतं. पण कुठे? ग्रामपंचायतीत विचारलं, तर शिपाई म्हणाला, "आपल्या गावात कोनी पेतच नाई, बाई." हे बोलताना त्याच्याच तोंडाला वास येत होता! आणखी दोघातिघांनी असेच हात झटकले. शेवटी सिंदेवाहीच्या बाजारात ती पोलकं शिवायला टाकत होती, तेव्हा शिंपी अयूबभाई सहज म्हणाले, "इथेच भरते, माझ्या दुकानामागच्या खोलीत. दर रविवारी, चार वाजता."

धुरपता आनंदाने घरी आली. पत्रू खाटेवरून उठलासुद्धा नाही.

"घरटी एक मानूस लागते ना? ग्रामसभेले तूच जातेस, तेंदूच्या मीटिंगले तूच जातेस. हेही पाहून ये."

आणि ती गेली! एक नाही, तीन रविवार. चौथ्या रविवारी तिला ताप आला, तेव्हा पत्रू दीपिकाला म्हणाला, "जा वं पोरी, माझी हजेरी लावून ये."

दीपिकाला दारात पाहून अयूबभाईंनी कपाळावर हात मारला.

"या अल्लाह! आता पोरं पाठवायला लागले? आठ जण बसलेत इथे. त्यात पिणारे किती? एक लच्छू आणि एक मी, तोही जुना. बाकी सगळ्या कोणाच्या ना कोणाच्या बदली!"

"काय करू भाऊ," नीलाबाई म्हणाल्या, "आमचा मानूस म्हणते, तुले बसाले चांगलं जमते."

सगळ्या हसल्या. अयूबभाई हसले नाहीत.

"मला सोडून नऊ वर्षं झाली. पण माझ्या बदली माझी बायको शमसुन्निसा इथे शंभर वेळा बसली असती, तरी माझा एक घोट कमी झाला नसता. इथे आपलं नाव घ्यायचं आणि आपलंच बोलायचं. बस, एवढंच काम आहे."

दीपिकाची पाळी आली. ती विचारात पडली. मला तर बाबाच्या जागी पाठवलं आहे. मग ती उभी राहिली.

"माझं नाव पत्रू. मी दारू पेतो. होळीले सोडली होती, चार दिवसांत परत घेतली. परवा मी दिव्याचं दप्तर चुलीत टाकलं. सकाळी मले आठवलं नाई. दिव्या माझी लहान पोरगी आहे."

आता मात्र कोणीच हसलं नाही. अयूबभाई गळ्यातली टेप नुसती चाचपत राहिले.

घरी पत्रूने विचारलं, "लावली हजेरी? काय बोलली?"

दीपिकाने अक्षर न् अक्षर सांगितलं. पत्रू ताडकन उठला.

"असं सांगितलं? चार दिवस? नऊ दिवस सोडली होती मी! अन् दप्तर मी टाकलं नाई, पाय लागून पडलं!"

"मले काय माहीत, बाबा? तुझ्या बदली गेली, जमलं तसं बोलली. चुकलं असन तर तू जाऊन सांग."

"सांगतोच!"

पुढच्या रविवारी तो खरंच निघाला, पाय आपटत. खोली माहीत नव्हती म्हणून दीपिका पुढे. दारातूनच तो गरजला, "माझी पोरगी चुकीचं बोलली! मी नऊ दिवस सोडली होती!"

"बरं, नऊ," अयूबभाई शांतपणे म्हणाले. "बसा भाऊ. मग दहाव्या दिवशी काय झालं?"

अरे! हे धुरपताला ठाऊक नव्हतं, दीपिकाला नव्हतं. साऱ्या गावात एकट्या पत्रूलाच ठाऊक होतं! तो हळूच सतरंजीवर टेकला.

"झोप नाई आली, भाऊ. हात थरथरत होते. वाटलं, आता मरतो. कोनाले सांगाची लाज वाटली."

"मलाही वाटली होती," अयूबभाई म्हणाले. "उद्या सकाळी या. दवाखान्यात दोघं जाऊ."

मुलांनो, पत्रूची दारू त्या दिवशीच सुटली असं मी सांगणार नाही. तुम्हाला खोटं का सांगू? पण धुरपताने एटापल्लीसाठी बांधलेलं गाठोडं सोडलं. ग्रामसभेला घरटी एक माणूस चालतो. व्यसनाबद्दल मात्र ज्याचं त्यानेच बैठकीत जाऊन बोलायचं असतं. ते ओझं बायकोचं नाही, आणि लेकरांचं तर मुळीच नाही!

त्याच्या पुढचा रविवार आला. साडेतीन वाजता पत्रू खाटेवरून कण्हला, "दीपे, डोकं दुखून राह्यलं. आजच्या दिवस तू..."

दीपिका उठली. तिने बाबाच्या चपला उंबऱ्याबाहेर, रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या आणि ओसरीवर वही उघडून बसली. बराच वेळ काहीच झालं नाही. तिने मान वर केली नाही. मग चपला फटक फटक वाजत अंगणातून दूर गेल्या, तेव्हा तिने पुढचं गणित सोडवायला घेतलं.