मामूंचा फॉन्ट

आपल्याला संगणकातलं सगळं कळतं असं ज्याला वाटतं, त्याच्या हाती आपला संगणक देऊ नये, असं नाहीद आता कुणालाही सांगेल. दिवाळीच्या सुटीत ती भद्रावतीहून आरमोरीला आली तेव्हा मात्र तिचा रुबाब काही और होता. ती शाळेत गणित शिकवते आणि शाळेतल्या संगणकाचं काही अडलं की सगळे तिलाच हाका मारतात. त्यामुळे मामूंनी फोनवर, नवा संगणक घेतला, जुन्यातलं नव्यात टाकून दे, असं म्हटल्याबरोबर तिने हे काम म्हणजे आपल्या हातचा मळ असं ठरवून टाकलं.

तिचे मामू नवाबभाऊ म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांमधला जुना माणूस. उभा जन्म विंगेत प्रॉम्प्टर म्हणून गेला. नटाची जीभ अडली की पुढचा शब्द मामूंच्या तोंडून यायचा. दुसऱ्यांची नाटकं वाचून वाचून ते स्वतःच लिहू लागले, टायपिंगही शिकले. घरात हिंदी-मराठीची खिचडी चालते, पण नाटकाचा विषय निघाला की मामू अस्सल झाडीबोलीवर येतात. त्यांची सारी नाटकं त्या जुन्या, घरघर करणाऱ्या संगणकात होती. यंदाचं ‘उसनं माहेर’ही त्यातच होतं आणि त्याची छापील प्रत दुसऱ्या दिवशी वडशाच्या नाटक कंपनीला द्यायची होती. तालमी त्या प्रतीवाचून खोळंबल्या होत्या, आणि मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांचा नि नाटकांचा हंगाम काही कुणासाठी थांबत नाही.

नाहीदने काम चोख केलं. एकूण एक फाइल नव्या संगणकात घेतली, दोन्हीकडचे आकडे ताडून पाहिले आणि मग जुना संगणक आतून पुसून कोरा केला. तो मामूंनी शेजारच्या रामाजींच्या नातीला, दिव्यानीला देऊ केला होता. पोरगी संध्याकाळच्या एसटीने तो धानोऱ्याला घेऊनही गेली. एखादी फाइल उघडून तर पाहावी, हे काही नाहीदला सुचलं नाही. हिशेब जुळला की गणितवाल्यांचं समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी मामू चहाच्या टपरीवर गेलेले असताना तिने प्रिंट काढायला ‘उसनं माहेर’ उघडलं, आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. पानंच्या पानं नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं. दुसरं नाटक उघडलं, तिसरं उघडलं, सगळ्यांची तीच गत. मग तिच्या डोक्यात उजेड पडला आणि ती आणखीच घाबरली. मामूंचं टायपिंग जुन्या पद्धतीचं. आत असतात इंग्रजी अक्षरं, त्यांना मराठी चेहरा चढवतो तो फॉन्ट. तो फॉन्ट राहिला होता जुन्या संगणकात, आणि जुना संगणक तिने आपल्या हातांनी पुसून टाकला होता.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे तर बैल धानोऱ्याला पोचला होता. इंटरनेटवर मिळतील ते फॉन्ट तिने उतरवून पाहिले. एकाने कानेमात्रेच तेवढे दाखवले, दुसऱ्याने सगळ्या अक्षरांची अदलाबदल केली. शमीम मामी चहा ठेवून गेल्या, तो तसाच निवला. मामूंना काय तोंड दाखवायचं, या विचाराने तिला रडू यायला लागलं. मामू रागावतील याची तिला भीती नव्हती. ते रागावणार नाहीत, नुसतं ‘होते बाई असं’ म्हणतील, हेच तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

डोळे पुसून तिने खिडकीबाहेर पाहिलं. चौकात मंडईच्या शुभेच्छांचा फ्लेक्स टांगलेला होता. त्यातल्या ‘मंडळ’ शब्दातला ‘ळ’ तिला ओळखीचा वाटला. कपाटावर मामूंच्या एका जुन्या नाटकाची छापील प्रत होती. तिने ती काढली. तोच ‘ळ’, तेच शेपूट. फ्लेक्सच्या कोपऱ्यात दुकानाचं नाव होतं. ते वाचून नाहीद पेन ड्राइव्ह आणि ती प्रत घेऊन निघाली, ओढणी सावरायचंही तिला भान नव्हतं.

दुकानदार अतुलने प्रत पाहिली आणि तो हसायलाच लागला.

“हा तं नवाबभाऊचाच फॉन्ट आहे, ताई. मी दुकान लावलो तवा त्यायनंच आणून टाकून देल्ला. आरमोरीत सगळ्यायकडे हाच आहे. मले काऊन विचारता?”

काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. नाहीद घरी आली, फॉन्ट बसवला, श्वास रोखून फाइल उघडली. कंस गेले, टक्के गेले, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘उसनं माहेर’ उभं राहिलं. तिचा जीव भांड्यात पडला. झाला प्रकार मामूंना सांगून टाकावा म्हणून ती उठली.

मामू टपरीवरून येऊन पडवीत बसले होते. तिला पाहताच त्यांनी समोरचे कागद घाईघाईने पेपरखाली सारले. तिने सगळं सांगितलं, संगणक पुसल्यापासून फ्लेक्सच्या ‘ळ’पर्यंत. मामू तोंड उघडं ठेवून ऐकत राहिले.

“म्हंजे मी नाई बिघडवलो?” ते म्हणाले. “मी पाह्यटे त्याले उघडलो होतो. सारं नाटक इंग्रजी झालेलं. मले वाटलं, मीच काई दाबलो. तू येवढी मेहनत केली, तुले कोन्त्या तोंडानं सांगू?”

नाहीदने पेपर उचलला. खाली मामूंच्या हातचा पहिला अंक होता, टपरीवर बसून आठवून आठवून लिहिलेला. माय लेकीला निरोप देते त्या जागी मात्र दोन ओळी कोऱ्या सोडल्या होत्या.

“इथी आठोत नाई,” मामू खालच्या आवाजात म्हणाले.

ती आत गेली, पडद्यावर ती जागा शोधली आणि विंगेतून सांगावं तसं दारामागून हळूच म्हणाली, “जाय माय...”

मामूंची मान वर झाली. “जाय माय,” ते खड्या आवाजात म्हणाले, “पन दार मी लावत नाई.”

मग त्यांनी हाताने लिहिलेले कागद बाजूला ठेवले आणि तिला प्रिंट काढायला सांगितलं.