नॉरिस हॉवर्थचा नकार

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या नॉरिस हॉवर्थला एकाहत्तर वर्षांत कुणालाही तोंडावर ‘नाही’ म्हणता आलं नव्हतं. न्हाव्याने ‘मिशी काढू का?’ असं विचारलं म्हणून त्याची मिशी गेली. चर्चच्या दारात कुणीतरी ‘या ना आत’ म्हणालं म्हणून तो एका परक्या माणसाच्या अंत्यविधीला जाऊन बसला, आणि शेवटी शवपेटीला खांदाही देऊन आला. त्यामुळे पेबलगेट नावाच्या कंपनीतून कायरन नावाच्या इसमाने आपणहून फोन करून ‘तुमचं कर्ज आम्ही मार्गी लावू का?’ असं विचारल्यावर काय झालं असेल, ते सांगायला नको.

कर्ज होतं, पण फार नव्हतं. हप्त्यांवर घेतलेला फ्रीज आणि एक कार्ड, मिळून अकराशे पौंड. मासळीच्या कारखान्याच्या पेन्शनीतून तो ते रडतखडत फेडत होता. कायरन म्हणाला, ते फेडणं आता बंद करा, महिन्याला नव्वद पौंड आम्हाला द्या, पुढचं आम्ही बघतो. पहिले दोन हप्ते पूर्णच्या पूर्ण कंपनीची फी आणि नंतर दर महिन्याला चाळीस, हे तो म्हणाला नाही. ते कागदपत्रांच्या नवव्या पानावर होतं, आणि तिथवर नॉरिस पोचला नव्हता.

पोचली ती त्याची मुलगी गेनर. हल शहरातून भेटायला आली होती, चहाच्या पिशव्या शोधताना तिला कपाटात तो गठ्ठा सापडला. तिने तो उभ्या उभ्याच वाचला. करार चौदा दिवसांच्या आत रद्द करता येत होता आणि आजचा दिवस चौदावा होता. कार्यालय पाचला बंद. घड्याळात सव्वाचार.

तिने लगेच ईमेल पाठवला. उलट टपाली उत्तर आलं की हा पत्ता कुणीही वाचत नाही, कृपया फोन करावा. तिने फोन केला. ग्राहकाच्या खासगीपणाच्या दृष्टीने आम्ही फक्त श्री. हॉवर्थ यांच्याशीच बोलू शकतो, असं एका बाईने सांगितलं. ओळख ना पाळख, तुम्ही त्यांना घरी फोन केलात तेव्हा हा खासगीपणा कुठे गेला होता, असं गेनरने विचारलं. तो विभाग वेगळा, असं उत्तर मिळालं.

म्हणजे नॉरिसनेच बोलायला हवं होतं. गेनरने त्याची तालीम घेतली.

“मला करार रद्द करायचा आहे. एवढंच म्हण, डॅड.”

“एवढंच? तोडून बोलल्यासारखं वाटतं गं.”

“तोडायचंच आहे.”

नॉरिसने प्रयत्न केला. पहिल्या खेपेला त्याने ‘तुमची गैरसोय होणार नसेल तर’ जोडलं. दुसऱ्या खेपेला ‘अर्थात, काही घाई नाही’. तिसऱ्या खेपेला त्याने कायरन झालेल्या गेनरची माफी मागितली आणि करार एका वर्षाने वाढवून घेतला.

साडेचारला फोन लावला. गेनरने स्पीकर चालू केला.

“नॉरिस, मित्रा!” कायरन म्हणाला, आणि पुढची सहा मिनिटं हवापाण्यात आणि कायरनच्या नव्या गालिच्यात गेली. गालिचा राखाडी होता. गेनरने एका कागदावर ‘रद्द’ असं लिहून तो बापाच्या नाकासमोर धरला. नॉरिसने मान डोलावली.

“कायरन, मी जरा विचार करत होतो...”

“विचार करणं चांगलंच. आमच्या सेवेबद्दल काही तक्रार?”

“छे, छे. सेवा उत्तम आहे.”

गेनरने फ्रीजच्या दारावर कपाळ टेकलं. फ्रीजचेही अजून चारशे द्यायचे होते.

चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली. तक्रार नाही म्हटल्यावर कायरनला जोर चढला. फोनवर आहातच तर तुम्ही भरून दिलेल्या खर्चाच्या यादीवरून हात फिरवू, असं म्हणून त्याने कात्री काढली. वर्तमानपत्र गेलं. केकही गेला. नॉरिस प्रत्येकाला ‘बरोबर आहे’ म्हणत राहिला.

“आणि हे काय, दर शुक्रवारी मासे-चिप्स दोन जणांचे? तुम्ही तर एकटेच राहता.”

“एक शेजारच्या मिसेस पेटिफरचं. त्यांना बाहेर पडता येत नाही.”

“मग सांगून टाका त्यांना, आता जमणार नाही म्हणून.”

 नॉरिसने खिडकीतून पलीकडे पाहिलं. मिसेस पेटिफर आपल्या खिडकीत बसल्या होत्या. त्यांनी हात हलवला, यानेही हलवला. आता कुणाला तरी एकाला नकार देणं भागच होतं. मिसेस पेटिफर बारा फुटांवर होत्या. कायरन मँचेस्टरला होता.

“नाही,” नॉरिस म्हणाला. “मला करार रद्द करायचा आहे.”

 कायरनने, आवाजातला मित्र काढून टाकून, कारण विचारलं. कारण सांगितलंच पाहिजे का, असं नॉरिसने विचारलं, आणि करारात तसं काही नाही हे गेनरने मागून खडसावून सांगितलं. फोनवर एक वरिष्ठ आला. त्याने थोडं घाबरवून पाहिलं, पण नॉरिसची नजर खिडकीवरून हलेना. त्याने तेच वाक्य त्यालाही जसंच्या तसं ऐकवलं. चार सत्तावन्नला रद्द झाल्याचा क्रमांक मिळाला. कागदावर ‘रद्द’ने जागा अडवली होती म्हणून गेनरने तो मनगटावर लिहून घेतला, आणि रद्द झाल्याचं पत्र येईपर्यंत हात धुणार नाही असं जाहीर केलं.

नॉरिस खुर्चीत बसला. चेहरा पांढराफटक पडला होता. गेनरने किटली चालू केली. फुकट सल्ला देणारी धर्मादाय संस्था आहे, ती फी घेत नाही आणि आपणहून कुणाला फोनही करत नाही, उद्या माझ्या मोबाइलवरून लावू, फ्रीजचं आणि कार्डाचं तेच नीट बसवून देतील, असं ती पाठमोरी सांगत होती. मागून हुंकार येईना, तेव्हा तिने वळून पाहिलं.

नॉरिस पुन्हा फोनपाशी उभा राहून नंबर फिरवत होता.

“डॅड?”

“बिचाऱ्याला वाईट वाटलं असेल गं. नुसतं सॉरी म्हणतो.”

पाचला एक मिनिट कमी होतं. गेनरने भिंतीतून वायर उपटली. मग फोन वायरीसकट आपल्या पिशवीत घातला आणि दोघांसाठी चहा ओतला.