अर्थिंगचं पाणी

दिंद्रुडजवळच्या त्या गावात दूध सोसायटीचा कॉम्प्युटर ऐन संध्याकाळच्या दुधाला बंद पडायचा. दुधाचं फॅट मोजायचं मशीन जोडलं, पंखा लावला की पडदा काळा. जरा वेळाने आपोआप चालू, पुन्हा बंद. ऑपरेटर सुंदरबाई रडकुंडीला आली होती. विहिरी आटलेल्या, कडबा संपत आलेला. मोजायला उशीर होऊन दूध नासलं की बाया तिच्यावरच तुटून पडायच्या.

दिंद्रुडहून बन्सी मेकॅनिक आला. त्याने वायर बदलली, डबा उघडून धूळ झटकली, आतला पॉवर सप्लाय काढून आपल्याजवळचा बसवला. पंखा लावताच कॉम्प्युटर गेलाच.

"मशीनमधी दोष न्हाई, ताई," म्हणत त्याने बोर्डात मीटरच्या पिना घातल्या. व्होल्टेज निम्म्यावर आलं होतं. वायरीचा माग काढत तो इमारतीच्या मागे गेला. खांबावरून एकच वायर आत आलेली. परतीची दुसरी वायर जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला गुंडाळलेली होती.

चेअरमन मोहनराव मागोमाग आले. "परतीची न्यूट्रल तुटलीय. वायरमनला सांगितलंय. तवर जमिनीतल्या अर्थिंगवर चालू हाय."

"जमीन कोरडी ठाक हाय, साहेब. करंट परत जायला वल लागती. आन् उघडी सळई लई धोक्याची. आधी न्यूट्रल वढून घ्या."

"घेऊ की. आजचं दूध कसं घ्यायचं, ते सांग."

बन्सी घुटमळला. मग म्हणाला, "सळईच्या बुडाशी पाणी वता. पर जवळ कुणाला जाऊ देऊ नका."

तेव्हापासून सुंदरबाई दूध सुरू व्हायच्या आधी मेन स्विच पाडायची आणि टँकरच्या पाण्याची घागर सळईच्या बुडाशी रिकामी करायची. कॉम्प्युटर सुरळीत चालू लागला. मातीत जिरणारं पाणी मात्र तिला बघवत नसे. तिने सळईभोवती बाभळीच्या फांद्या लावल्या, त्या कुणीतरी सरपणाला नेल्या. मोहनरावांना कुंपणाचं विचारलं, तर ते "करू" म्हणाले.

एका संध्याकाळी केशरबाई रानातून परस्पर डेअरीवर आली. जर्शी गाय तिने दारातल्या लिंबाला बांधली आणि कॅन घेऊन रांगेत उभी राहिली. दिवसभराची तहानलेली गाय. तिला ओल्या मातीचा वास आला असावा. दावं तोडून ती इमारतीमागे सळईकडे गेली, तेव्हा सगळ्यांचं लक्ष मापाकडे होतं.

धप्प आवाज झाला आणि खोलीतला दिवा क्षणभर मिणमिणला.

सुंदरबाईने आधी स्विच पाडला, मग धावली. गाय सळईशी आडवी झाली होती. तोंड चिखलात, जीभ बाहेर. केशरबाईने तिची मान मांडीवर घेतली. "ऊठ की गं, माय," ती म्हणत राहिली.

मोहनरावांनी सुंदरबाईला बाजूला घेतलं. "उद्या जनावरांचा डॉक्टर येईल. ऊन लागलं म्हणायचं. अर्थिंगचं निघालं तर वीजवाले लाईन तोडतील. समद्या गावाचं दूध बंद पडंल. इचार कर."

सकाळी डॉक्टरांनी विचारलं. मोहनराव "ऊन" म्हणाले. रांगेतली माणसं आपापले कॅन पुढे सरकवू लागली. सुंदरबाई पुढे झाली आणि म्हणाली, "ऊन न्हाई, डॉक्टर. करंट लागला. या, मी सळई दावते."

त्याच दिवशी वीजवाल्यांनी लाईन तोडली. सोसायटीच्या दाराला कुलूप लागलं. ज्यांना जमलं त्यांनी दूध दिंद्रुडला नेलं, बाकीच्यांनी जनावरं चारा छावणीत सोडली. रस्त्यात भेटणाऱ्या बाया सुंदरबाईला बघून पदर ओढून पुढे जाऊ लागल्या.

ती केशरबाईच्या घरी गेली. रिकाम्या गोठ्यात केशरबाई शेण गोळा करत होती. तिने वर पाहिलं.

"खरं बोललीस, बाई. मोहनरावाम्होरं कुणाचं तोंड उघडलं न्हाई." शेणाची पाटी बाजूला सरकवत तिने विचारलं, "पर पाणी तूच वतलं व्हतंस ना?"

"व्हय."

केशरबाई पुन्हा कामाला लागली. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. सुंदरबाई बराच वेळ दारात उभी राहिली, आणि मग उन्हातून घराकडे चालू लागली.