सात नंबरच्या पायातला स्क्रू

मित्रांनो, मी एक जुना स्क्रू आहे. लोखंडी नव्हे, टायटॅनियमचा. भाताच्या घासात आलो तर खडा समजून थुंकाल, एवढाच. माझ्या जातीचे पुष्कळ जण माणसांच्या जबड्यात नकली दात धरून बसले आहेत आणि लग्नाच्या पंगतीत बुंदीचे लाडू फोडतात. माझ्या नशिबी ससा आला.

जन्मतः मी गुळगुळीत होतो. पण हाडाला गुळगुळीतपणा चालत नाही. धरायला त्याला खाचखळगे लागतात. म्हणून माझ्यावर बारीक रेतीचा मारा केला, मग कढत आम्लात बुचकळलं. याला सुधारणा म्हणतात. माझ्या भावाला मात्र तुलनेसाठी तसाच ठेवला. घरोघरी एक मुलगा असा ठेवतातच.

वर्धेजवळच्या एका कॉलेजात गुंजन मॅडम आमच्यावर प्रबंध लिहीत होत्या. मनानं हळव्या. सशाला सुई टोचताना दर वेळी ‘सॉरी’ म्हणायच्या. सात नंबरच्या सशाच्या उजव्या पायाच्या हाडात त्यांनी मला बसवलं, डाव्यात भावाला. आठ आठवडे हाडानं आम्हांला धरायचं. मग सशाला इंजेक्शन देऊन संपवायचं आणि आम्हांला यंत्रानं पिळून काढायचं. ज्याला काढायला जास्त जोर लागेल, तो चांगला. माया मोजायची याहून खात्रीची रीत मला ठाऊक नाही.

ससे सांभाळायला वडनेरचे लहानूभाऊ होते. जन्म बैलांत गेलेला, म्हातारपणी ससे आले. ‘प्राण्यांना नावे देऊ नयेत’ असा कागद भिंतीवर होता. लहानूभाऊंनी तो वाचला आणि सात नंबरला ‘ढवळ्या’ म्हणू लागले. दोन किलोचा ढवळ्या! तोही त्यांच्या मनगटावर हनुवटी घासायचा.

पाचव्या आठवड्यात लहानूभाऊंनी विचारलं, “मॅडम, याले जित्ता ठेवता नाई येत का?”

“लळा लावू नका न, भाऊ.”

“अन् खिळा बसलाच नाई तं?”

“मग तो ससा अभ्यासातून बाद,” मॅडम मोबाइलमधून मान वर न करता म्हणाल्या.

लहानूभाऊंचा चेहरा उजळला. गुरांच्या बाजारात लंगडा बैल बाद होतो, आणि बाद झालेला बैल मालकामागं मुकाट घरी परत येतो. एवढं शास्त्र त्यांना पुरे होतं. मोडलेलं हाड सांधायचं तर पाय हलू देत नाहीत; मग सांधू द्यायचं नसेल तर? दुपारी मॅडम जेवायला गेल्या, की पिंजरा उघडायचा. “चाल बेटा, पय! हालव त्या खिळ्याले!” पुढं मेथीची जुडी घेऊन लहानूभाऊ, मागं ढवळ्या.

मित्रांनो, मी ओरडून सांगणार होतो; पण स्क्रूला तोंड नसतं, नुसतं डोकं असतं, आणि त्यातही खाच. हाडाचा स्वभाव असा आहे, की सुरुवातीला हलवलं तर ते रुसतं. पण एकदा धरल्यावर जितकं राबवाल तितकं घट्ट होतं. पाचवा आठवडा म्हणजे फार उशीर झाला होता. दर धावेला माझ्या खाचांत नवं हाड शिरत होतं. लहानूभाऊ मला सैल करत नव्हते, माझ्याभोवती सिमेंट ओतत होते.

सातव्या आठवड्यात तीन नंबरच्या सशाचा स्क्रू खरंच हलला. मॅडमनी ‘सॉरी’ म्हणून त्या सशाला त्याच दिवशी इंजेक्शन दिलं.

“मॅडम, हा तं बाद होता ना?”

“हो ना, भाऊ. म्हणूनच तर.”

ढवळ्याला चोरून घरी न्यावं, तर फाटकावर पिशव्या तपासत; नोकरी घालवावी, तर घरात खाणारी तोंडं पाच. त्यानंतर दुपारी लहानूभाऊ ढवळ्याला पळवत नसत. मांडीवर घेऊन बसत.

आठवा आठवडा भरला. इंजेक्शनच्या वेळी ढवळ्याला लहानूभाऊंनीच धरलं, कारण दुसऱ्याच्या हातात तो थरथरायचा. मग यंत्र लागलं. माझा भाऊ मुकाट निघून आला. मी आलो नाही. आकडा चढत गेला, यंत्र कुरकुरलं आणि कट् झालं. जोड सुटला नव्हता, मित्रांनो. हाड तुटलं होतं. त्याचा तुकडा मला धरूनच बाहेर आला.

“सगळ्यांत मोठा आकडा!” मॅडम टाळी वाजवून म्हणाल्या. “लहानूभाऊ, याला काय खाऊ घातलंत?”

लहानूभाऊंना खोटं बोलता येत नाही. “काई नाई, मॅडम. दुपारी पळवत होतो.”

महिन्याभरात नवे वीस ससे आले, आणि भिंतीवर नवा कागद: ‘पाचव्या आठवड्यापासून रोज अर्धा तास पळवणे. जबाबदारी: लहानू.’

“अन् नाई पळवलं तं?” त्यांनी विचारलं.

“तर काही नाही. उरलेले आठवडे पिंजऱ्यात बसतील नुसते.”

लहानूभाऊ पळवतात.

मी आता कपाटात, काचेच्या बाटलीत असतो. पाहुणे येतात, वाहवा करतात. मुक्या जीवांची काळजी घ्या, असं माझ्यासारख्यानं शेवटी सांगायची पद्धत आहे. घ्या, जरूर घ्या. फक्त कशी घेता, ते कुणाला सांगू नका.