मास्तरांचा बेडूक

"हळू हो, मास्तर! आधी टाकीतलं थोडं पाणी बरणीत घाला. एकदम सोडलात तर दचकेल बिचारा."

निबिया काचेच्या टाकीवर वाकली होती आणि तिच्या शेजारी, अगदी नको तितक्या शेजारी, आनीबाल मास्तर उभे होते. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेला हा विधुर शेजारी नदी ओलांडून अर्जेंटिनातल्या कोंकोर्दियाला गेला की येताना निबियासाठी काहीतरी घेऊन यायचाच. कधी साबण, कधी बिस्किटं. आज मुरंब्याच्या बरणीतून बेडूक आला होता.

"दोन आहेतच तुमच्याकडे. म्हटलं, तिसरा असू दे सोबतीला," मास्तर म्हणाले.

निबियाचा नवरा वाल्देमार दारात हात पुसत उभा होता. सोबतीला म्हणे! पहिले दोन त्याने आणले होते. मुलगी स्पेनला गेली, घर खायला उठलं, तेव्हा ही टाकी त्यानेच बसवली. एकतीस वर्षं नगरपालिकेचे पाण्याचे पंप दुरुस्त करणारा माणूस. गाळणीसुद्धा विकत न आणता स्वतः जुळवली. त्यात निळ्या रेघेचे सात मासे सोडले आणि निबियाच्या वाढदिवसाला दोन बुटके बेडूक आणले. अंगठ्याच्या पेराएवढे, जन्मभर पाण्यातच राहणारे, श्वासापुरते वर येणारे. नजर अधू आणि खाण्यात इतके मंद, की पुढ्यातला घास मासे पळवून न्यायचे. म्हणून निबिया चिमट्यात एकेक लाल अळी धरून त्यांच्या तोंडाशी नेई. महिन्याभरात ते तिचा हात ओळखू लागले. वाल्देमारने चिमटा धरला की मात्र झाडामागे दडत. आणणारा कोण आणि लाडका कोण, असं त्याला वाटायचंच. आता त्यात मास्तरांची भर पडली.

नवा बेडूक काचेला पुढचे पाय टेकून थांबला, आणि वाल्देमारला त्याची बोटं दिसली. सुटी, मोकळी बोटं. मधे पडदा नव्हता.

पहिले दोन घेताना दुकानदाराने त्याला बजावलं होतं, "पुढच्या पायांच्या बोटांत पडदा असेल तरच तो बुटका. बोटं सुटी असतील तर ती मोठी जात. लहानपणी दोन्ही सारखेच दिसतात. पण तो मोठा होतो मुठीएवढा, आणि मग मासे गिळतो." तेव्हा निबिया दवाखान्यात, आपल्या नर्सच्या कामावर होती. ही गोष्ट घरात फक्त वाल्देमारला ठाऊक होती.

"किती गोड आहे!" निबिया म्हणाली.

"मास्तरांची निवड," वाल्देमार म्हणाला, आणि त्याने मिठाची गुळणी धरली. गिळू देत एखाददुसरा मासा. कळू दे हिला, मास्तरांची भेट काय लायकीची असते ते.

नव्या पाहुण्याला चिमट्याची गरजच नव्हती. दोन्ही हातांनी अळ्या तोंडात कोंबायचा. "बघ कसा बाळसं धरतोय," निबिया कौतुकाने सांगायची. मास्तर आठवड्यातून दोनदा येऊ लागले. टाकीसमोर बसून दोघं हळू आवाजात बोलत, आणि वाल्देमार आला की बोलणं मासे-बेडकांवर येई. हे काय त्याला कळत नव्हतं? त्याचा जळफळाट व्हायचा, रात्रीचं जेवण गोड लागायचं नाही. पण दुसऱ्याचं पितळ उघडं पडायची वाट बघणाऱ्याला स्वतःचं तोंड बंद ठेवावंच लागतं.

एका सकाळी निबिया टाकीसमोर बोट हलवत उभी होती.

"सहाच आहेत रे."

"काय?"

"मासे. सात होते ना? बाहेर उडी मारली म्हणावं तर झाकण लावलेलं आहे."

आता सांगायचं. नेमकं याच क्षणी मास्तरांच्या बेडकाकडे बोट दाखवायचं, इतकंच काम होतं. पण आदल्या संध्याकाळी मास्तरांच्या कुठल्याशा बोलण्यावर तिला डोळे पुसताना त्याने पाहिलं होतं. ते त्याच्या मनात सलत होतं.

"सातच होते कशावरून?" तो म्हणाला. "मला तर सहाच आठवतात. तुझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं बरं का."

निबियाने बोट खाली घेतलं. तिची आई शेवटी शेवटी लेकीला "तू कुणाची गं?" असं विचारायची.

पंधरा दिवसांनी पाच झाले, मग चार. निबियाने मोजून दाखवणं सोडून दिलं. पावसाच्या दिवशी ती तोर्ता फ्रिता, म्हणजे मैद्याच्या जाड पुऱ्या, तळायला बसली, तर कढईतल्या तीन तोर्त्यांकडे बोट करत ओठ हलवताना त्याला दिसली. घराला कुलूप लावून चार पावलं गेली की मागे फिरून ओढून बघायची. वाल्देमारला हे सगळं दिसत होतं. उद्या सांगू, असं तो रोज ठरवायचा. आणि उद्या मास्तर यायचे.

एका दुपारी मास्तर फुटपाथवरच भेटले.

"वाल्देमार, जरा थांबा. निबियाला समजवा. अर्ज परत घ्यायला सांगा."

"कसला अर्ज?"

मास्तरांचा चेहरा उतरला. "तुम्हाला बोलली नाही? महिन्यापूर्वीच दिलाय तिने. वेळेआधी निवृत्ती मागितलीय. म्हणते, 'ज्या बाईला सात मासे मोजता येत नाहीत, तिने तान्ह्या मुलांना लस टोचू नये. एक थेंब चुकला तर?' माझ्या बायकोचा, ओदिलाचा आजार कसा सुरू झाला, हेच विचारत असते मला. मी किती सांगितलं, की ओदिलाचं असं नव्हतं, ओदिला मला पाच मिनिटांपूर्वीचं विसरायची. पण ती ऐकत नाही. रडते."

नवऱ्याला नाही, यांना सांगितलं. क्षणभर वाल्देमारच्या मनात तेच आलं, तेव्हासुद्धा! आणि मग त्याला स्वतःचीच इतकी लाज वाटली, की मास्तरांकडे न बघताच तो घराकडे वळला.

निबिया चिमटा घेऊन टाकीपाशी बसली होती.

"तो तिसरा मासे खातो," तो दारातूनच म्हणाला. "वेगळ्या जातीचा आहे. मास्तरांना माहीत नाही. मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून."

तिने आधी टाकीकडे बघितलं. मुठीएवढा झालेला बेडूक तळाशी सुस्त बसला होता.

"म्हणजे मी बरोबर मोजत होते?"

"हो."

"सात होते?"

"सातच होते."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती हसायला लागली. हसता हसता रडली. उठून त्याच्या गळ्यातच पडली. "देवा, माझं डोकं ठीक आहे! अरे, माझं डोकं ठीक आहे!" वाल्देमारनेही तिला घट्ट धरलं. मग हळूहळू तिचे हात सैल पडले.

"मग तू सहा का म्हणालास?"

"मास्तर... ते सारखे यायचे. तुम्ही दोघं बोलत बसायचा."

"आणि आईचं नाव का काढलंस?"

बेडकाला तिने घमेल्यात काढून ठेवलं. तीन मासे उरले होते. "उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल," ती म्हणाली, "आणि हे तुझ्या तोंडाने सांग."

लसीच्या खोलीबाहेर बाकांवर बाया मुलं घेऊन बसल्या होत्या. मुख्य नर्स ओफेलिया दारातच उभी होती, आत बोलवायला तयार नव्हती. टोपी हातात धरून वाल्देमारने सगळ्यांदेखत सांगितलं. बेडूक, मासे, मास्तर, सगळं. एक बाई फिसकन हसली, मग तिनेच मान खाली घातली.

"अर्ज राजधानीत, मोन्तेविदेओला गेला, निबिया," ओफेलिया म्हणाली. "मंजूर होऊन आलाय. सोमवारी नवी मुलगी येतेय, तोवरच तू आहेस. आधी कळलं असतं तर..."

"कधी कळलं असतं तर?" निबियाने विचारलं.

"गेल्या आठवड्यात कळलं असतं तरी थांबवता आला असता."

निबियाने मान डोलावली. वाल्देमारकडे ती वळलीही नाही. तिने पांढरा डगला घातला, कोपरापर्यंत हात धुतले आणि पहिलं नाव पुकारलं. चार महिन्यांची मुलगी होती. निबियाने सुई उजेडाकडे धरली, औषध मापाच्या रेघेवर नेमकं आणलं, आणि बाळाच्या आईशी दुधाबद्दल बोलता बोलता सुई बाळाच्या मांडीत टोचून बाहेरही काढली. बाळाला रडायचं सुचेपर्यंत कापूस लागलेला होता.

"पुढचं कोण?" निबिया म्हणाली.