कोरड्या दिवसांचा पाऊस

विद्यापीठातल्या बाईंचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि शब्दकोशात ठेवून दिलं. उत्तर उद्या लिहू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच ठरवलं. पुढे पुढे शब्दकोश उघडायचीच भीती वाटू लागली, आणि माझ्यासारख्या माणसाचं शब्दकोशावाचून पदोपदी अडतं.

पत्रात वाईट काही नव्हतं, हीच अडचण होती. बाईंनी लिहिलं होतं: ‘आदरणीय काका, तुमच्या घरच्या पावसाच्या नोंदी मी पुन्हा पुन्हा पाहते आहे. आसपास सगळीकडे कोरडं असताना तुमच्याकडे बरेचदा थोडा पाऊस दिसतो. टेकडीच्या कडेने असा तुटक पाऊस पडू लागला असेल, तर माझ्या अभ्यासात तो मोठा बदल ठरेल. मी त्यावर प्रबंधातलं एक प्रकरण लिहिते आहे. त्याआधी तुम्ही या नोंदींची खात्री देऊ शकाल का?’

मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. तो धंदाच संशयाचा. सरळ दिसणाऱ्या ओळीतच चूक दडलेली असते, हे डोळ्यांना इतकं शिकवलेलं की ‘खात्री’ हा शब्द वाचल्याबरोबर मनात पाल चुकचुकली. ही मुलगी मला विचारते आहे, की मला पकडते आहे?

बाई विद्यापीठाच्या भूविज्ञान आणि हवामान विभागात संशोधन करतात. आमचं घर टेकडीच्या पायथ्याशी, आणि गावातलं सरकारी हवामान केंद्र पार दुसऱ्या टोकाला. पाऊस मात्र अलीकडे एका गल्लीत पडतो आणि शेजारच्या गल्लीत पडत नाही. म्हणून विभागाने आमच्यासारख्या साध्या घरांत पाऊस मोजायची भांडी बसवली. खांबावर एक पत्र्याचं नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी आठला बाटलीतलं पाणी रेघा आखलेल्या मोजपात्रात ओतायचं, आकडा लिहायचा. बाकीचे फोनवरून कळवतात. मला ते जमत नाही, म्हणून मी महिन्याचं कार्ड टपालाने पाठवतो.

निवृत्तीनंतर मला कुणी काही काम दिलं असेल तर ते हे एवढंच. विभागाच्या सभेत एकदा बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, काकांनी एकही दिवस चुकवलेला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बघत बसलो, पण त्या टाळ्या घरी येईपर्यंत कानात होत्या.

पत्र आल्यावर पहिला संशय मी स्वतःवरच घेतला. ते मला सोपं जातं. डोळे तपासून आलो. चष्मा ठीक निघाला. मग माझी थोरली बहीण, ताई, तिला मोजपात्र दाखवलं. ताई तिच्या यजमानांच्या मागे माझ्याकडेच राहते. घरात ती आणि मी, एवढीच माणसं.

“ताई, कितीच्या रेघेवर आहे ग?”

तिने डोळ्यांजवळ धरलं. “दोन. अगदी बरोब्बर दोन.”

“नक्की?”

“बाळ, तुला काय छापील पावती पाहिजे?”

मी सत्तरी ओलांडली तरी तिच्यासाठी बाळच. दोन तर दोन. म्हणजे पाणी खरोखर भांड्यात होतं, मग ते आलं कुठून? माझी नजर कुंपणापलीकडे गेली.

पलीकडे कंत्राटदार राहतात. त्यांनी उभ्या गावाची गटारं बांधली आणि आता झाडं लावतात. मी शाळेत कधी शिकवलं नाही, तरी ते मला मास्तर म्हणतात. त्यांच्या हातात सकाळी पाण्याचा पाइप असतो. शिवाय त्यांनाही भांडं हवं होतं, आणि छपराच्या आडोशामुळे विभागाने नाही म्हटलं होतं. टाळ्यांच्या त्या सभेत ते माझ्या मागच्याच रांगेत बसले होते. एवढं सगळं जुळल्यावर माझ्यासारख्याला आणखी काय हवं?

“काय मास्तर, किती पडला?” त्यांनी त्या सकाळी नेहमीसारखं विचारलं.

“दोन मिलिमीटर.”

“माझं अंगण तर ठणठणीत कोरडं आहे.”

“तुटक पडतो हल्ली.”

“तुमच्या कुंपणापाशी येऊन थांबतो म्हणा. शिकलेला पाऊस दिसतोय.”

मी धीर केला. “तुमच्या पाइपचं पाणी इकडे उडत नाही ना?”

मग पाइपचं तोंड अंगठ्याने दाबून त्यांनी धार माझ्या भांड्याच्या दिशेने धरली. धार कुंपणाच्या पलीकडेच, त्यांच्या वाफ्यात पडली. “बघा. इथवरच जोर. आणि हाताने आणून ओतायचं म्हणाल, तर माझ्या झाडांनाच पुरत नाही, मास्तर. तुमच्या नळकांड्याचे लाड कोण करणार?”

मी कानकोंडा होऊन घरात आलो. पण संशय गेला नाही, उलट वाढला. धार किती लांब जाते हे त्यांनी इतक्या तयारीने कसं दाखवलं?

मग मी एक युक्ती केली. रात्री भांड्याशेजारी स्टीलची वाटी ठेवली. वरून पडलं तर दोन्हीकडे पडेल. सकाळी भांड्यात पुन्हा पाणी होतं, पण वाटी जागेवर नव्हती.

“ती घासून फडताळात ठेवली,” ताई म्हणाली. “घरातली भांडी अंगणात का टाकतोस?”

“ओली होती का?”

“घासल्यावर ओली नाही तर काय होणार?”

पुरावा असा धुऊन निघाला.

मी उत्तर देईना, तेव्हा एक दिवस बाई स्वतःच आल्या. पाठीला पिशवी, बुटांना टेकडीची लाल माती. मी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिलो, मग चुकीचं वाटून बसलो.

“काका, पत्र मिळालं ना?”

“मिळालं.”

“मग?”

“विचार करतोय.”

“माझे मार्गदर्शक म्हणतात, त्या भांड्यात कुणीतरी हाताने पाणी घालतंय. मी त्यांना सांगितलं, बाकी कुठेही होईल, काकांकडे नाही.” त्या हसल्या. मला हसू आलं नाही. “पुढच्या सभेत मला हे मांडायचं आहे. नोंदी खऱ्या असतील तर ते प्रकरण उभं राहतं. नसतील तर ते काढावं लागेल. पण मला तुमचं लेखी हवं, हो किंवा नाही. कुणी विचारलं तर दाखवायला.”

“नोंदी चुकीच्या निघाल्या तर भांडं काढता का तुम्ही?” मी विचारलं. स्वतःचाच आवाज मला परका वाटला.

“विश्वास ठेवता येत नसेल तर तिथलं मोजणी केंद्र बंद करावं लागतं. पण तुमच्याकडे तशी वेळ येणार नाही.”

ताई चहा घेऊन दारात उभी होती. “भांडं नेणार का ग तुम्ही?”

“नाही हो मावशी. चांगला पाऊस देतंय ते.”

“देतंय ना? मग राहू दे.” ताईने तिला दुसरा चहा विचारला, तिसराही विचारला. इतका आग्रह ती सख्ख्या भाचीलाही करत नाही. बाई गेल्यावर मला वाटलं, ही मुलगी साधी नाही. आधी विश्वास दाखवायचा, मग लेखी मागायचं. छापखान्याचे मालकही असेच करत, ‘तुम्ही पाहिलंय ना, मग करा सही’ म्हणून पुढ्यात पान सरकवत. पण मनात दुसरंही होतं. ती खरंच विश्वास ठेवत असेल तर? ते जास्त वाईट होतं.

त्या संध्याकाळी मी नियम मोडला. भांडं जागेवरून हलवायचं नाही, असं विभागाने बजावून सांगितलेलं. मी नळकांडं खांबावरून काढलं आणि माझ्या खाटेखाली ठेवलं. कंत्राटदार पाणी घालायला येतील, भांडं दिसणार नाही, ते गोंधळतील, आणि मी मागच्या दारातून त्यांना बघेन. एवढा धाडसी बेत मी जन्मात केला नव्हता. उजाडायच्या सुमारास दाराच्या फटीशी जाऊन उभा राहिलो.

कुंपणाकडून कुणी आलं नाही. स्वयंपाकघराचं दार वाजलं. ताई बाहेर आली. हातात खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं मोजायचं झाकण, आणि त्यातलं सांडू नये म्हणून पावलं मोजून टाकत होती. खांबाशी पोचली. वर बघितलं. मग खाली, खांबाच्या मागे, पुन्हा वर.

“बाळ,” तिने हाक मारली, “अरे, नेलं रे त्यांनी.”

मी दार उघडलं. ती माझ्याकडे वळली आणि मग तिचं स्वतःच्या हाताकडे लक्ष गेलं.

“काय आहे त्यात?”

“पाणी.”

“कशाला?”

“घसा धरलाय.”

“म्हणून अंगणात?”

तिने झाकण बाजूच्या कुंडीत रिकामं केलं आणि पायरीवर बसली. मीही बसलो. कंत्राटदारांच्या बाजूला पाइप सुरू झाल्याचा आवाज आला. इतक्या दिवसांचा माझा संशय त्या आवाजापाशी हकनाक घुटमळत होता.

“शाळेमागच्या डॉक्टरांचं भांडं नेलं, ते आठवतं?” ताई म्हणाली. “त्यांच्याकडे पाऊसच नसायचा. तू पण कार्डावर नुसती शून्यं काढायला लागलास. ओळीने शून्यं. मला वाटलं, आता आपलंही नेतील.”

“डॉक्टर आकडे कळवतच नव्हते, म्हणून त्यांचं नेलं. शून्य कळवलं असतं तर ठेवलं असतं. शून्य हीसुद्धा नोंद असते, ताई. आज काही पडलं नाही, हेही त्यांना हवं असतं.”

तिने झाकण पदराला पुसलं. “काही पडलं नाही हे कळवायला एवढं भांडं कशाला लागतं?”

“लागतं,” मी म्हणालो. याहून बरं मला सांगता आलं नाही.

“रोज घालायचीस?” मीच पुढे विचारलं.

“रोज कशाला? शून्यं फार झाली की. आणि खरा पडला त्या दिवशी कधी घातलं नाही. मी काय खोटारडी आहे?”

मी तिच्याकडे बघितलं. ती मनापासून विचारत होती.

“तू निवृत्त झाल्यावर खोलीतून बाहेर येईनास,” ती म्हणाली. “जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा. भांडं आल्यापासून सकाळचा अंगणात असतोस. त्या कंत्राटदाराशी चार शब्द बोलतोस. विद्यापीठात जातोस, तिथून आलास की जेवताना सांगत बसतोस. ते नेलं तर तू परत आत जाशील आणि दार लावून घेशील. मग मी कुणाशी बोलू, भिंतीशी?”

मी आत जाऊन खाटेखालचं भांडं काढलं, खांबावर पुन्हा बसवलं आणि टेबलाशी गेलो.

पहिला मसुदा एका ओळीचा होता: ‘नोंदींची खात्री देतो.’ अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं. बाईंना तेच हवं होतं, ताईलाही तेच हवं होतं, आणि मला दोघींपेक्षा जास्त हवं होतं. उद्यापासून ताई पाणी घालणार नाही, तुटक पाऊस आपोआप थांबेल, पाऊसच तो, कोण त्याला जाब विचारणार? पण त्या मुलीने टेकडीवर एक पाऊस उभा केला असता, जो औषधाच्या झाकणातून पडला होता. पुढे कुणीतरी तिचं प्रकरण वाचून टेकडीखालच्या घरांबद्दल काही ठरवलं असतं. मी कागद फाडला.

दुसऱ्या मसुद्यात लिहिलं, की भांड्यात बाहेरचं पाणी जात होतं असं आढळलं. ताई माझ्या खांद्यामागून वाचत होती.

“कुणी घातलं ते नाही लिहिलंस.”

“गरज काय?”

“मग त्यांना वाटेल तूच. नाहीतर तो बिचारा कंत्राटदार.” तिला माझा संशय कधी कळला, मला ठाऊक नाही. “माझं लिही. थोरल्या बहिणीने घातलं, म्हणून लिही. मला कोण काय करणार आहे या वयात?”

“ते भांडं नेतील, ताई.”

“नेतील,” ती म्हणाली. मग तिने कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. “लिही तू.”

तिसरं पत्र मी सावकाश लिहिलं. ताईने काय केलं आणि का केलं, ते लिहिलं. कोरड्या दिवसांतला जो जो थोडा पाऊस दिसतो, तो सगळा काढून टाकावा, असं लिहिलं. त्यात कधी खरी भुरभुरही पडली असेल, पण ती आणि ताईचं पाणी आता वेगळं करता येणार नाही. एका पानावर इतक्या चुका सापडल्या की ते पान पुन्हाच जुळवावं लागतं. उत्तराला उशीर झाला, त्याला कारण माझा भित्रेपणा, दुसरं काही नाही. भांडं न्यायचं असेल तर जरूर न्यावं. ठेवलंत, तर यापुढे इथून शून्य येईल ते खरं शून्य असेल.

मी ते अनुस्वारासकट तीनदा तपासलं. चूक सापडली नाही, त्याचाही संशय आला.

टपालपेटी रस्त्याच्या टोकाला आहे. ताई म्हणाली, मीही येते. कंत्राटदार फाटकाशी उभे होते.

“काय मास्तर, आज किती?”

“शून्य,” मी सांगितलं.

“म्हणजे तुमच्याकडेही आमच्यासारखंच की,” ते म्हणाले, आणि बोलता बोलता आमच्याबरोबर चार पावलं चालत आले.

पेटीच्या फटीत पाकीट घातलं आणि माझा हात तिथेच थांबला. टोक अजून बोटांत होतं. बाईंचं प्रकरण, माझ्या सकाळी, ताईचं नाव, सगळं त्या टोकाला लोंबत होतं. मागे रस्त्यावरून एक सायकल गेली.

“अडकलं का?” ताईने विचारलं.

“नाही.”

तिने माझ्या हाताशेजारून बोट घातलं आणि पाकीट आत ढकलून दिलं.