गरम वाऱ्याचा पंखा

मित्रांनो, पंखा म्हटलं की तुम्ही लगेच मान वर करून छताकडे बघाल. तसं करू नका. मी छताचा नव्हे. मी तळहाताएवढा, काळ्या चौकटीतला, आता धूळ खात पडलेला एक जुना पंखा आहे. टीव्हीला जोडून गेम खेळायचं जे यंत्र असतं, ते तापू नये म्हणून त्याच्या पाठीला मला लावतात. जन्माला आलो तो एवढ्या एकाच कामासाठी. तेही मला एकच रविवार नीट करायला मिळालं.

कारखान्यात माझी पाती बसवणाऱ्या बाईंनी मला फुंकर मारून फिरवून पाहिलं, कानाशी नेलं आणि म्हणाल्या, "हा गरीब दिसतोय. आवाजच नाही." त्या वयात मला ती शाबासकी वाटली. मग माझ्या कडेवर एक बाण उमटवला गेला. वारा कुठून आत येणार आणि कुठे जाणार हे सांगणारा तो बाण इतका बारीक होता, की असून नसल्यासारखाच. मी वारा घालणारा पंखा नाही, मित्रांनो. मी यंत्राच्या पोटातली उष्णता ओढून बाहेर टाकतो. हे समजायला त्या बाणाखेरीज दुसरं काही माझ्या अंगावर नव्हतं, आणि मला तोंड नव्हतं.

दुकानात एक काकू आल्या तेव्हा त्यांच्या गळ्यात मोजपट्टी तशीच होती. घरी शिवणकाम करायच्या त्या. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, सैल झालेल्या कंबरा आवळणं, असलं काम. गेमच्या यंत्रासाठी पंखा हवा म्हणाल्या, तेव्हा दुकानदाराने विचारलं, "कुणासाठी? नातवासाठी?"

"नातू कुठला? मीच खेळते."

दुकानदाराला हसू आवरेना. काकूंनी ते मनावर घेतलं नाही. त्या सांगत गेल्या. मुलगा नोकरीसाठी दूर देशी गेला होता. जाताना यंत्र घरी ठेवून गेला, तिकडे त्याने दुसरं घेतलं. दर रविवारी दुपारी दोघं आपापल्या घरी बसून खेळातली एकच होडी वल्हवत. एक वल्हं त्याच्याकडे, एक यांच्याकडे. फोनवर त्याच्या तोंडाला कुलूप असायचं. 'बरं आहे', 'ठीक आहे', संपलं. पण हाताला वल्हं मिळालं की गडी बोलायला लागायचा.

"परवा म्हणाला, आई, तुला एक सांगायचं होतं. आणि तेवढ्यात हा डबा तापून बंद पडला. फोन केला तर म्हणे, काही नाही गं, नंतर. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय बघा."

दुकानदाराचं हसू मावळलं. त्याने एक मोठा पंखा काढून सुरू केला. "हा घ्या. नुसतं वादळ आहे."

"वादळ नको हो. मला पोराचं बोलणं ऐकू यायला हवं."

त्याने यंत्राखाली ठेवायचा एक चौरंगासारखा पंखा दाखवला, दिव्यांनी लखलखणारा एक दाखवला. काकू प्रत्येकाला कान लावत आणि मान हलवत. शेवटी माझी पाळी आली. माझ्यापाशी त्या बराच वेळ वाकून राहिल्या. "चालू आहे ना हा?" त्यांनी विचारलं, आणि मी धन्य झालो.

"चालू आहे, पण ताकद बेताची," दुकानदार म्हणाला. "घरात धूळ असेल तर याच्याच्याने होणार नाही."

"धूळ? माझ्या घरात? मी दोन वेळा झाडते." काकूंनी मला पिशवीत टाकलं.

घर एका खोलीचं होतं. खिडकीपाशी शिवणयंत्र, समोर टीव्ही, टीव्हीखाली ते गेमचं यंत्र. खोली खरंच लख्ख होती. पण उन्हाची तिरीप आली की हवेत कापडाचे बारीक बारीक तंतू तरंगताना दिसत. काकू त्यांना धूळ धरतच नव्हत्या. ते त्यांचं काम होतं.

माझ्या कड्या यंत्राच्या खाचांत एकाच बाजूने बसत होत्या, त्यामुळे त्यांनी मला सरळच लावलं. तो रविवार मी कधी विसरणार नाही. मी जीव लावून उष्णता ओढली आणि मागे फेकली. होडी निघाली. "आई, डावीकडे. तुझं डावं, माझं नाही," मुलगा टीव्हीतून ओरडत होता आणि काकू हमखास काठावर आपटत होत्या. दोघं पोट धरून हसली. यंत्र बंद पडलं नाही. मग हसता हसता मुलाचा आवाज बदलला.

"इथे वैताग आलाय, आई. माणसं माणसांसारखी वागत नाहीत. कधी कधी वाटतं..."

"चालायचंच रे सोन्या. सगळीकडे असंच असतं," काकू घाईघाईने म्हणाल्या. "जेवलास का?"

"जेवलो." पुढे तो फक्त डावीकडे, उजवीकडे एवढंच बोलला.

काकूंचा स्वभावच तसा होता. मुलाचा शब्द जरा तापला की त्या लगेच त्यावर पाणी घालत. त्याला बरं वाटावं म्हणूनच. काळजीपोटीच सगळं.

खेळ संपल्यावर त्यांनी मायेने माझ्यामागे हात धरला आणि दचकल्या. शेजारच्या वहिनी कपडे न्यायला आल्या होत्या, त्यांना बोलावलं. "बघा ना, हा तर गरम वारा टाकतोय."

वहिनींनीही हात धरून पाहिला. "अगबाई, फसवलं की तुम्हाला. पंखा कधी गरम वारा देतो का? उलटा लागला असेल."

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर! ती उष्णता माझी नव्हती. यंत्राला जाळणारी होती, मी ती बाहेर काढत होतो. पण वहिनींनी मला काढून फिरवलं, पुढून गार वारा हाताला लागला आणि दोघींचे चेहरे उजळले. उलट्या बाजूने माझ्या कड्या बसेनात. काकूंना त्याचं काय? त्यांनी कमरेच्या पट्टीचं इलॅस्टिक घेतलं आणि मला असं घट्ट बांधून टाकलं, की हातोडीने ठोकलं असतं तरी हललो नसतो. "आता कसा शहाण्यासारखा वागतोय," त्या मला म्हणाल्या. माझ्या आयुष्यातलं तेच सर्वांत मोठं कौतुक.

तिथून माझे हाल सुरू झाले. यंत्र आपली उष्णता बाहेर ढकलायचं, मी ती पुन्हा त्याच्या अंगावर घालायचो. मला थांबता येत नव्हतं. वीज आली की फिरायचं, एवढंच मला ठाऊक. वाऱ्याबरोबर खोलीतले तंतूही आत जात होते, पांढरे, काळे, निळे, जसं कापड असेल तसे. यंत्र पूर्वीपेक्षा लवकर बंद पडू लागलं. काकू मला पुसायच्या, शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब द्यायच्या, आणि आठवडाभर मला सुरूच ठेवायच्या, म्हणजे डबा रविवारपर्यंत गार राहील. जितकी माया, तितकं यंत्राचं मरण जवळ येत होतं. माझा जीव तीळतीळ तुटत होता.

मग तो रविवार आला. होडी पाण्यात उतरली तोच मुलगा म्हणाला, "आई, आज खेळायचं नाहीये. बोलायचंय. आधी सगळं ऐकून घे. मध्ये काही म्हणू नकोस."

काकूंनी हातातलं रिमोट मांडीवर ठेवलं. होडी आपली आपण वाहत चालली. त्या काहीच बोलल्या नाहीत, जेवलास का हेही नाही. नुसत्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"मी गेले कित्येक दिवस..." मुलगा म्हणाला, आणि थांबला. त्याला शब्द सापडत नव्हते. तो शोधत होता, आणि इकडे माझ्यासमोर यंत्र पेटल्यासारखं तापलं होतं. मी जिवाच्या आकांताने थांबायचा प्रयत्न केला. शेवटी जळका वास आला आणि पडदा काळा झाला.

काकूंनी फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. संध्याकाळी त्याचा निरोप आला, नंतर बोलू.

दुरुस्तीवाल्याने यंत्र उघडलं आणि आतून तंतूंचा गोळा ओढून काढला. "काकू, इथे तर उशी भरलीय. आतलं सगळं जळालंय, आता काही होणार नाही." मग त्याने मला हातात घेतलं, बाण पाहिला, माझ्यावरचं इलॅस्टिक पाहिलं. "हा उलटा कुणी बांधला?"

"मीच," काकू म्हणाल्या. "वारा गरम येत होता म्हणून."

"गरमच यायला हवा होता." एवढंच तो म्हणाला. तो चांगला माणूस होता.

त्या रात्री मुलाने फोन उचलला. काकूंनी लगेच विचारलं, "सोन्या, त्या दिवशी काय सांगणार होतास? आज सांग. मी ऐकते."

"आता काय, आई. होऊन गेलं ते."

"काय होऊन गेलं?"

"सोड ना. आता सांगून काही बदलणार नाही."

काय होऊन गेलं, ते काकूंना अजून कळलेलं नाही. मलाही नाही. त्या मला फेकूनही देत नाहीत. शिवणयंत्राच्या खणात, मोडक्या चेनच्या शेजारी मी पडलेला असतो. खण उघडला की माझ्याकडे त्यांची नजर जाते आणि त्या खण लावून घेतात. माझ्याही मनात दुसरा विचार येत नाही. मी कुणाच्याच उपयोगी पडलो नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद आला तर त्याच्या कडेवरचा बाण आधी बघा. त्याच्या मागून गरम वारा आला तर रागावू नका, त्याला फिरवू नका. आणि तुमच्या माणसाच्या तोंडून कधी गरम शब्द आले, तर तेही येऊ द्या. हात पोळला तरी धरून राहा. माझं एवढं ऐका, मला यापुढे काही मागायचं नाही.

काकू हे शिकल्या. परवा रविवारी त्यांनी दुपारी शिवणयंत्र बंद केलं, फोन लावला आणि म्हणाल्या, "काही नाही रे, सहजच केला. तू बोल."

काकू फोन कानाशी घट्ट धरून बसल्या होत्या.

"ठेवू का, आई?" तो म्हणाला.